घरच्यांनी खायचं काय?

मदिनेच्या बाहेरच्या अंगाला सुन्ह नावाची एक वस्ती होती. पैगंबर महंमदांच्या निधनानंतर, इसवी सन ६३२ मध्ये, मुसलमानांनी ज्यांना आपला प्रमुख, म्हणजे खलिफा, म्हणून निवडलं ते हजरत अबू बक्र तेव्हा तिथे राहत होते. त्यांच्या एका पत्नीचं, हबीबा बिन्त खारिजा यांचं, घर त्या वस्तीत होतं. खलिफा झाल्यावरही पहिले सहा महिने ते तिथूनच मदिनेला येत. कधी पायी, कधी घोड्यावर. नमाज पढवायची, आलेल्या-गेलेल्यांचं ऐकायचं, अरबस्तानभर पेटलेल्या बंडांचा बंदोबस्त करायचा, आणि या सगळ्यातून वेळ काढून बाजारात जायचं. कारण ते कापडाचे व्यापारी होते. मक्केत असल्यापासून त्यांचं घर त्याच धंद्यावर चालत आलं होतं.

वस्तीतल्या बायाबापड्यांच्या शेळ्यांची धारही ते काढून देत. खलिफा झाल्यावर एक मुलगी म्हणाली, आता काही हे आमच्या शेळ्यांचं दूध काढायचे नाहीत. ते त्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, काढीन की. जे काम अंगावर घेतलंय त्याने माझा स्वभाव बदलू नये एवढीच इच्छा आहे.

शेळ्यांची धार चालू राहिली. कापडाचा धंदा मात्र बंद करावा लागला.

हे कसं झालं याच्या दोन हकिकती आहेत. पहिली जास्त प्रसिद्ध. खलिफा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अबू बक्र खांद्यावर कापडं टाकून बाजाराला निघाले. वाटेत पैगंबरांचे सहकारी उमर आणि अबू उबैदा भेटले. कुठे निघालात? बाजारात. अहो, मुसलमानांचा कारभार तुमच्यावर सोपवलाय आणि तुम्ही बाजारात? त्यावर अबू बक्र म्हणाले, मग माझ्या घरच्यांना मी खायला काय घालू? दोघे म्हणाले, चला, तुमचं काय ते ठरवून टाकू.

दुसरी हकिकत नवव्या शतकातले चरित्रकार इब्न साद यांनी नोंदवली आहे. ती सुन्हमधल्या त्या सहा महिन्यांची. दोन्ही डगरींवर पाय ठेवून पाहिल्यावर अबू बक्रांच्या स्वतःच्याच लक्षात आलं की हे जमणारं नाही. लोकांचं काम करायचं तर त्यांच्यासाठी मोकळं असावं लागतं, त्यांच्याकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. व्यापार सांभाळून ते होत नाही. पण घरच्यांना लागेल तेवढं तर हवंच. मग ते मदिनेत राहायला आले आणि त्यांनी व्यापार सोडला.

मला दुसरी हकिकत जास्त पटते. पहिलीत नाट्य आहे, पण दुसरीत माणूस आहे. सहा महिने त्याने ओढाताण सोसली. गिऱ्हाइकाशी बोलताना मनात कारभार आणि कारभारात बसलेलं असताना मनात आलेल्या मालाचा हिशोब, हे त्याने अनुभवलं आणि मग ठरवलं.

दोन्ही हकिकतींत एक गोष्ट मात्र सारखी आहे, आणि माझा सगळा जीव तिच्यात अडकलेला आहे. अबू बक्रांनी घरच्यांच्या पोटाचा प्रश्न उघड विचारला. आणि लोकांनी त्याचं उघड उत्तर दिलं.

उत्तर अगदी तपशीलवार होतं. अबू उबैदांनी मोजमाप सांगितलं: मुहाजिरांपैकी, म्हणजे मक्केहून मदिनेला आलेल्यांपैकी, एखाद्या मध्यम माणसाला लागेल तेवढं अन्न, सर्वांत वरच्याइतकं नाही आणि सर्वांत खालच्याइतकंही नाही. हिवाळ्याचे कपडे, उन्हाळ्याचे कपडे. जुने विरले की ते परत करायचे आणि नवे घ्यायचे. रोज अर्धी बकरी. दुसऱ्या एका नोंदीप्रमाणे वर्षाला दोन हजार दिरहम ठरले. तेव्हा अबू बक्र म्हणाले, वाढवा, माझं कुटुंब आहे, आणि तुम्ही मला धंद्यापासून तोडलंत. मग आणखी पाचशे वाढवून दिले. आकड्यांत नोंदीनोंदींचा फरक आहे. पण एवढ्या मोठ्या पुण्यपुरुषाने 'वाढवून द्या' म्हटलं हे सांगणाऱ्यांनी लपवलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या वचनांच्या संग्रहात, हजरत आयेशांनी, म्हणजे अबू बक्रांच्या मुलीने, सांगितलेलं त्यांचं एक बोलणं आहे. त्याचा आशय असा: माझा धंदा माझ्या घराला पुरत होता हे माझ्या लोकांना माहीत आहे. आता मी मुसलमानांच्या कामात गुंतलो आहे. तेव्हा अबू बक्रचं घर या पैशातून खाईल आणि अबू बक्र त्यांच्यासाठी राबेल.

किती सरळ आहे हे! मी मिळवता होतो. माझी मिळकत तुम्ही थांबवलीत. तिच्याऐवजी एवढं घेईन आणि त्याच्या बदल्यात काम करीन. यात उपकाराचा सूर नाही आणि लाजही नाही.

आपल्याकडे सार्वजनिक कामाची थोरवी सांगताना आपण बहुतेक वेळा उलटं सांगतो. एक पैसा घेतला नाही, मानधन नाकारलं, पदरमोड केली. असं कुणी केलं की हात आपोआप जोडले जातात. माझेही जोडले जात होते. पण मी कापडाच्या दुकानात वाढले आहे आणि पदरमोड म्हणजे काय ते दुकानाच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे.

तालुक्याच्या गावी आमचं दुकान होतं. पुढे गादी, मागे ताग्यांच्या मांडण्या, वरच्या फळीवर लग्नसराईचा माल. वडील मीटरपट्टीने कापड मोजून कात्रीने एवढीशी चीर द्यायचे आणि पुढचं हाताने फाडायचे. तो आवाज ऐकला की गिऱ्हाईक पटलं हे आम्हाला आतल्या खोलीत कळायचं. मी शाळेत असताना ते नगरपालिकेवर निवडून आले. लोकांनीच उभं केलं होतं. त्यानंतर सकाळी दुकान उघडायच्या आत ओट्यावर माणसं यायला लागली. कुणाच्या गल्लीत पाणी नाही, कुणाचा दाखला अडकलाय. वडील उठून त्यांच्याबरोबर जायचे आणि गादीवर आई बसायची. आईला हिशोब पक्का येत होता, पण घाऊक बाजारात माल घ्यायला जायचे ते वडीलच. माल जुना पडत गेला. दोन दुकानं सोडून पलीकडे नवं, काचेचं दुकान झालं होतं.

त्या काळात नगरपालिकेच्या शाळांसाठी गणवेशाचं कापड घ्यायचं निघालं. नगरपालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा हितसंबंध असला तर तो अपात्र ठरतो, असं कायद्यातच आहे. वडिलांना ते माहीत होतं आणि त्यांनी विषय मनातून काढून टाकला होता. मग हितचिंतक आले. मेहुण्याच्या नावाने भरा की टेंडर. माल तुमच्याच दुकानातून जाईल, कागदावर तुम्ही कुठेच नाही. सगळे करतात. वडील नाही म्हणाले. त्या रात्री आईने उधारीची वही मिटली आणि विचारलं, "अहो, मग घर कशावर चालवायचं?"

तिच्या आवाजात लोभ नव्हता. टेंडर भरा असंही ती म्हणत नव्हती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. वडिलांकडे ते नव्हतं, आणि ज्यांनी त्यांना निवडून दिलं होतं त्यांच्यापैकी कुणाला तो प्रश्न आहे हेच ठाऊक नव्हतं. पालिकेकडून मिळायचं ते मानधन चहापाण्यात जायचं. मुदत संपल्यावर वडील पुन्हा उभे राहिले नाहीत. गाव अजून त्यांचं नाव आदराने घेतं. दुकानावरचं कर्ज फिटायला मात्र माझं कॉलेज संपेपर्यंत वेळ लागला.

म्हणून, पुढे कधीतरी मदिनेची ही गोष्ट वाचली तेव्हा मला अबू बक्रांच्या त्यागापेक्षा अबू उबैदांचं ते मोजमाप जास्त मोठं वाटलं. एका माणसाने धंदा सोडणं ही त्याची नीती झाली. त्याने सोडलेल्या धंद्याची भरपाई सगळ्यांनी मिळून करणं ही व्यवस्था झाली. एकाला दुसऱ्याशिवाय सोडून दिलं, की एक तर खाऊन-पिऊन सुखी असणाऱ्यांनीच कारभार करावा किंवा बाकीच्यांनी तो करता करता हळूच काहीतरी खावं, एवढंच उरतं.

अबू बक्रांनंतर ६३४ मध्ये हजरत उमर खलिफा झाले. हेही मुळात व्यापारीच. पैगंबरांचं एक वचन आपल्याला माहीत नव्हतं हे लक्षात आल्यावर ते म्हणाले होते की बाजारातल्या देवघेवीत माझं ते ऐकायचं राहून गेलं. खलिफा झाल्यावर बरेच दिवस त्यांनी बैतुलमालातून, म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून, काही घेतलं नाही. ओढगस्त झाली तेव्हा त्यांनी जुन्याजाणत्यांना बोलावून विचारलं, या कामात मी स्वतःला गुंतवून घेतलंय, यातून मला काय घेणं योग्य आहे? हजरत उस्मान म्हणाले, खा आणि खाऊ घाला. हजरत अली म्हणाले, सकाळचं जेवण आणि रात्रीचं जेवण. उमरनी अलींचा सल्ला घेतला. सार्वजनिक पैशाशी आपलं नातं अनाथाच्या मालमत्तेच्या पालकासारखं आहे, असं ते म्हणत. कुराणात अशा पालकाला सांगितलेलं आहे की तो सधन असेल तर त्याने त्या पैशाला हात लावू नये, आणि गरजू असेल तर रास्त तेवढं घ्यावं.

उमरनी व्यापार पूर्णपणे सोडला होता असं मात्र दिसत नाही. खलिफा असतानाच त्यांनी शामकडे, म्हणजे सीरियाकडे, तांडा पाठवायची तयारी केली होती, असं इब्न सादच सांगतात. भांडवल कमी पडत होतं, म्हणून त्यांनी अब्दुर्रहमान इब्न औफ या धनवान व्यापाऱ्याकडे चार हजार दिरहम उसने मागितले. अब्दुर्रहमाननी निरोप पाठवला, बैतुलमालातून घ्या की, मग परत करा. उमरना ते फार लागलं. भेट झाली तेव्हा ते म्हणाले, तांडा परत यायच्या आत मी मेलो तर तुम्हीच सगळे म्हणाल, जाऊ दे, अमीरुल मोमिनीननी, म्हणजे खलिफांनी, घेतले होते, सोडून द्या. आणि कयामतच्या दिवशी हिशोब मला द्यावा लागेल. त्यापेक्षा तुझ्यासारख्या चिक्कू माणसाकडून घेतलेले बरे. मी मेलो तरी तू माझ्या मालमत्तेतून ते वसूल करशील.

माणसाची केवढी पारख आहे यात! सार्वजनिक पैसा बुडतो तो चोरीने कमी आणि भिडेने जास्त, हे या माणसाने ओळखलं होतं. अब्दुर्रहमान आपल्या पैशाला जागे राहतील. बैतुलमालासाठी कोण जागं राहणार?

आणि मग मुलांची गोष्ट. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या धर्मशास्त्राच्या ग्रंथात ती आहे, भागीदारीच्या प्रकरणात. उमरचे दोन मुलगे, अब्दुल्ला आणि उबैदुल्ला, सैन्याबरोबर इराकला गेले होते. परतताना ते बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अशअरी यांना भेटले. त्यांनी स्वागत केलं. म्हणाले, तुमच्या उपयोगी पडता आलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांना सुचलं. इथे काही सरकारी रक्कम आहे, ती मदिनेला पाठवायची आहे. ती मी तुम्हाला उसनी देतो. तिच्यातून इराकचा माल घ्या, मदिनेत विका, मुद्दल अमीरुल मोमिनीनकडे भरा आणि नफा तुम्ही ठेवा.

व्यापारी म्हणून पाहिलं तर यात खोट काढणं कठीण आहे. रक्कम मदिनेला पोचवायचीच होती. वाटेतली जोखीम मुलांच्या अंगावर गेली. मुद्दल पूर्ण भरलं गेलं. अबू मूसांनी उमरना तसं पत्रही लिहिलं होतं, म्हणजे लपवाछपवी काही नव्हती. मुलांनी माल विकला, नफा झाला, आणि ते मुद्दल घेऊन वडिलांकडे आले.

उमरनी एकच प्रश्न विचारला. "त्याने सैन्यातल्या प्रत्येकाला असे पैसे उसने दिले का?"

"नाही."

"अमीरुल मोमिनीनचे मुलगे, म्हणून तुम्हाला दिले. मुद्दलही भरा आणि नफाही भरा."

अब्दुल्ला गप्प राहिले. उबैदुल्ला वाद घालू लागले. हे बरोबर नाही. माल बुडाला असता तर भरपाई आम्हीच केली असती ना? उमर म्हणाले, भरा. अब्दुल्ला पुन्हा गप्प, उबैदुल्लांचं पुन्हा तेच. शेवटी बैठकीतला एक जण म्हणाला, याला भागीदारी का मानत नाही? पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची, तशी. उमरनी मान्य केलं. मुद्दल आणि निम्मा नफा खजिन्यात गेला, उरलेला निम्मा मुलांना मिळाला.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! उबैदुल्लांचा मुद्दा चुकीचा नाही, म्हणूनच ती मला मोलाची वाटते. नियमाच्या कसोटीवर मुलं निर्दोष ठरली असती. उमरनी विचारलेला प्रश्न नियमाचा नव्हताच. ही संधी रांगेतल्या शेवटच्या शिपायाला मिळाली असती का, एवढंच ते विचारत होते. मेहुण्याच्या नावाने टेंडर भरा म्हणणाऱ्यांना माझ्या वडिलांनी नाही म्हटलं तेव्हा त्यांना हा प्रश्न असा शब्दांत मांडता आला नव्हता. त्यांच्याजवळ फक्त नकार होता.

सुभेदारांच्या बाबतीत उमर याहून कडक होते. नेमणुकीच्या वेळी त्यांच्या मालमत्तेची नोंद होई, आणि वाढ दिसली की विचारणा. एकाने सांगितलं, मी जाताना खर्चाला पैसे नेले होते, त्यावर व्यापार केला. उमरचं उत्तर, आम्ही तुला व्यापार करायला पाठवलं नव्हतं. इजिप्तचे विजेते अम्र इब्न अल-आस यांची निम्मी मालमत्ता मोजून घ्यायला त्यांनी मुहम्मद इब्न मस्लमा यांना पाठवलं. यात कधी अन्याय झाला नसेल असं मी म्हणणार नाही. चौकशीशिवाय निम्मं घेणं ही आजच्या नजरेला ओबडधोबड रीत आहे.

पण सुभेदाराने आपल्याच सुभ्यात व्यापार केला तर काय होतं हे ज्याने बाजार पाहिलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही. पुढे आठव्या शतकाच्या सुरुवातीला उमर इब्न अब्दुल अजीज या खलिफानेही तेच बजावलं: अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराच्या मुलखात व्यापार करू नये, कारण त्याची इच्छा नसली तरी तो लोकांना जाचतोच. आणि १३७७ मध्ये इतिहासकार इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा' लिहिला तेव्हा राज्यकर्त्याच्या व्यापारावर एक सबंध प्रकरण खर्ची घातलं. त्यांचं म्हणणं असं की रयतेतल्या व्यापाऱ्यांची भांडवलं साधारण एकमेकांच्या जवळपास असतात, म्हणून त्यांच्यात चढाओढ टिकते. राजा त्याच्या अफाट पैशानिशी त्यात उतरला की बाकीच्यांना काही हाती लागेनासं होतं. राजाला भाव पाडून माल घेता येतो, कारण त्याला नाही म्हणायची कुणाची छाती नसते. मग तोच माल तो व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारतो, आपल्या भावाने. त्यांचं भांडवल अडकतं, ते पडेल भावाने माल काढतात, हळूहळू धंदाच सोडतात. आणि राज्याचा खरा पैसा तर या लोकांच्या करातून येणार असतो. प्राचीन इराणी लोक राजा निवडताना त्याने व्यापार करू नये अशी अट घालत, असंही ते सांगतात, कारण व्यापारी झाला की त्याला महागाई हवीशी वाटणारच. सुगीनंतर भाव चढायची वाट पाहणारे आमच्या बाजारपेठेतही होते. त्यांच्यातल्या कुणाच्या हातात भाव ठरवायचा शिक्का असता तर गावाचं काय झालं असतं, हे मला इब्न खल्दून वाचताना सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्याबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. ते या सगळ्यांत सधन. मदिनेत पाण्याची टंचाई होती तेव्हा रूमा नावाची विहीर स्वतःच्या पैशाने घेऊन ती त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली होती. खलिफा म्हणून आपण मोबदला घेतला नाही, एके काळी उंट आणि मेंढ्या सर्वांत जास्त माझ्याकडे होत्या आणि आता हजच्या प्रवासापुरते दोन उंट उरलेत, असं त्यांनी लोकांना सांगितल्याच्या नोंदी आहेत. तरीही त्यांच्यावरचा रोष वाढत गेला, कारण त्यांच्या नात्यातली माणसं सुभ्यासुभ्यांवर होती आणि त्यांना मिळणाऱ्या देणग्यांबद्दल लोक बोलत होते. मी आपल्या पैशातून देतो, असं ते म्हणत. ते खरंही असेल. पण त्यांच्यासाठी कुणी मोजमाप ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे यांचा पैसा कुठे संपतो आणि सगळ्यांचा कुठे सुरू होतो हे बाहेरच्याला दिसत नव्हतं. ६५६ मध्ये बंडखोरांनी त्यांच्या घराला वेढा घातला आणि कुराण वाचत असताना त्यांची हत्या केली. त्या हत्येनंतर उसळलेल्या यादवीच्या भेगा अजून बुजलेल्या नाहीत. एवढ्या मोठ्या शोकांतिकेचं एकच कारण नसतं. पण मोबदला न घेणाऱ्याचा हिशोब कुणी विचारत नाही आणि म्हणून तो कधी मिटतही नाही, हे मला त्यात दिसतं.

अबू बक्र आणि उमर या दोघांनी मरताना आपले हिशोब मिटवले.

अबू बक्र ६३४ च्या ऑगस्टमध्ये गेले. जेमतेम सव्वादोन वर्षांची कारकीर्द. शेवटच्या आजारात त्यांनी आयेशांना सांगितलं, खलिफा झाल्यापासून माझ्या घरात जे वाढलं असेल ते बघ आणि माझ्यानंतरच्याकडे पाठवून दे. शोधलं तर निघालं ते एवढं: मुलांना सांभाळणारा एक गुलाम, पाणी वाहणारा एक उंट आणि एक जुनी चादर. घेतलेल्या मोबदल्याबद्दलही त्यांना चैन नव्हतं. मोबदला घ्यायला लावल्याशिवाय उमरनी मला सोडलं नाही आणि मी बैतुलमालातून सहा हजार दिरहम घेतले, अमुक ठिकाणची माझी बाग त्याच्या बदल्यात द्या, असं ते सांगून गेले. सगळं उमरपुढे आलं तेव्हा ते रडले. म्हणाले, अबू बक्रांनी आपल्यामागून येणाऱ्यांचं काम फार अवघड करून ठेवलं.

इथे मला मनापासून वाटतं की त्यांनी ती बाग द्यायला नको होती. ते पैसे त्यांच्या कष्टाचे होते, सगळ्यांनी मिळून ठरवलेले होते. ते परत करून त्यांनी नकळत पुढच्यांसाठी असा मापदंड घालून दिला की घेणाऱ्याला घेतल्याची बोच लागावी. त्यांची थोरवी मला कळते. पण आईचा प्रश्न ऐकलेल्या माझ्या मनाला ती बाग आयेशांच्या घरी राहायला हवी होती.

उमर ६४४ मध्ये, फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजात खंजिराचे वार झेलून, अंथरुणावर पडले होते. त्यांनी मुलाला, इराकच्या मालाच्या वेळी गप्प राहिलेल्या त्याच अब्दुल्लांना, जवळ बोलावलं आणि विचारलं, माझ्यावर कर्ज किती आहे बघ. मोजलं तर ८६ हजारांच्या आसपास निघालं. मग त्यांनी क्रम सांगितला. आधी उमरच्या घरच्यांच्या मालमत्तेतून फेड. ती पुरली नाही तर बनू अदी, म्हणजे आपल्या कुळातल्या लोकांकडे माग. तेही पुरलं नाही तर कुरैशांकडे, म्हणजे आपल्या टोळीकडे, माग. त्यांच्यापलीकडे कुणाकडे जाऊ नकोस.